जुन्या कुंग फू फिल्मची अस्सल डिस्क: दुकान नंतर, मालक आधी

प्रश्न लांबलचक होता, मी थोडक्यात सांगतो. विचारणारे आपल्या इंदूरचेच, राजेंद्रनगरात राहतात. वडिलांची पंचाहत्तरी जवळ आली आहे. त्यांनी तरुणपणी मॉर्निंग शोला पाहिलेली एक कुंग फू फिल्म त्यांना डिस्कवर भेट द्यायची आहे. नाव वडिलांना आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की शाओलिन मठातून बाहेर पडायचं तर एका बोळातून जावं लागतं आणि तिथे सोनेरी रंग फासलेली माणसं मारायला उभी असतात. जेल रोडला एका दुकानदाराने 'ओरिजनल आहे भिया, सीलबंद' म्हणत अडीचशेला एक डिस्क दाखवली. ऑनलाइन त्याच नावाची एक साडेतीन हजारांना दिसते. पायरेटेड नको आहे, पण खरी ओळखायची कशी आणि घ्यायची कुठून?

आधी माझी बाजू सांगतो. १९८७ पासून बावीस वर्षं मी रामबागेत व्हिडिओ लायब्ररी चालवली. आधी व्हीएचएस, मग व्हीसीडी, शेवटी डीव्हीडी. खोटं कशाला बोलू, पहिल्या दहा वर्षांत माझ्या फळीवरच्या कुंग फू कॅसेटींत अस्सल एकही नसावी. कोणीतरी सिंगापूरहून आणायचा, त्याची कॉपी मुंबईत, मुंबईच्या कॉपीची कॉपी इंदुरात. त्यामुळे नकली माल मला जरा जास्तच कळतो. लायब्ररी मिटल्यावर मी स्वतःसाठी अस्सल डिस्का जमवायला लागलो. आज तीनशेच्या वर आहेत, त्यातल्या निदान वीस मूर्खपणाने घेतलेल्या.

तुम्ही 'कुठून घेऊ' असं विचारलंत आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडकते. आपण प्लॉट घेतो तेव्हा दलालाच्या चेहऱ्याकडे बघत नाही, रजिस्ट्री आणि नामांतरण बघतो. इथेही तसंच. ही फिल्म आज कोणाच्या मालकीची आहे, त्या मालकाने कोणत्या कंपनीला आणि कोणत्या देशापुरता ती छापायचा हक्क दिला, हे एकदा कळलं की जगात तिच्या अस्सल डिस्का किती आणि कोणत्या हे आपोआप कळतं. बहुतेक वेळा उत्तर एक किंवा दोन येतं. कधी शून्य. मग दुकानदाराच्या हातातली डिस्क त्या यादीत आहे की नाही, एवढंच बघायचं उरतं.

पण त्याआधी फिल्म नक्की कोणती ते ठरवू. तुमचं वर्णन वाचून मला १९७६ सालची 'द एटीन ब्राँझमेन' आठवली. तैवानची फिल्म, दिग्दर्शक जोसेफ कुओ, प्रमुख भूमिकांत तिएन पेंग, कार्टर वाँग आणि पॉली शांगक्वान. मात्र दोन ठिकाणी गफलत होऊ शकते. एक म्हणजे त्याच वर्षी कुओंनी तिचा जोडभाग काढला, 'रिटर्न ऑफ द एटीन ब्राँझमेन'. त्यातही कार्टर वाँग आहे आणि तीच सोनेरी माणसं आहेत, पण तिथे नायक म्हणजे पुढे छिंग घराण्याचा सम्राट होणारा राजपुत्र, विद्या चोरायला नाव लपवून मठात शिरलेला. दुसरी गफलत जॅकी चॅनच्या 'शाओलिन वुडन मेन'ची. तीही १९७६ चीच, लो वेईंच्या कंपनीची, पण तिथल्या बोळात माणसं नसतात, लाकडी पुतळे असतात. पन्नास वर्षांच्या आठवणीत लाकडाचं पितळ सहज होतं. म्हणून वडिलांना आडवळणाने विचारा: नायक सूड घ्यायला शिकत होता, की राजपुत्र होता? बोळातल्यांना डोळे होते का?

नावाचा घोळ या फिल्मांत कायमचाच. एकाच फिल्मला हाँगकाँगमध्ये एक इंग्रजी नाव, अमेरिकेत दुसरं, आपल्याकडे पोस्टरवर वितरकाने ठोकलेलं तिसरं. 'किंग बॉक्सर' अमेरिकेत 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ' झाली, 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' तिकडे 'मास्टर किलर' म्हणून चालली. माणसांची नावंही दोन-दोन: लाऊ कार-लियुंग आणि लिऊ चिआ-लियांग हे एकच गृहस्थ, पहिला उच्चार कँटोनीज, दुसरा मँडरीन. आणि गॉडफ्री हो, जोसेफ लाय या जोडीचे निंजापट तर विचारूच नका. थायलंड, कोरिया, तैवानच्या जुन्या फिल्मांचे तुकडे घ्यायचे, मध्ये रंगीत कपड्यांतले निंजा आणि रिचर्ड हॅरिसन हा अमेरिकन नट टाकायचा, नवीन नाव द्यायचं. अशी एक फिल्म शोधताना दोन सापडतात आणि दोन्ही खऱ्या असतात! यावर उपाय एकच, चिनी अक्षरांतलं मूळ नाव. हाँगकाँग मूव्ही डेटाबेस या साइटवर दिग्दर्शक आणि साल टाकलं की ते मिळतं. ते कॉपी करा आणि पुढचा सगळा शोध त्याच्यावर करा. इंग्रजी नाव बदलतं, ते सहसा बदलत नाही.

आता मालकी. ढोबळ तीन ढीग आहेत. पहिला हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा. त्याचे मालक रन रन शॉंनी आपल्या फिल्मा कित्येक दशकं तिजोरीत ठेवल्या, घरगुती व्हिडिओसाठी जवळपास दिल्याच नाहीत. पुढे साधारण ७६० फिल्मांचा तो साठा सेलेस्टियल पिक्चर्सने घेतला आणि २००२ च्या अखेरीपासून साफसूफ करून डीव्हीडीवर आणला. यातून एक सोपी कसोटी निघते. शॉची डिस्क दिसली आणि तिच्यावर सेलेस्टियलचं नाव कुठेच नाही, तर नव्वद टक्के ती नकली. माझ्या लायब्ररीतल्या सगळ्या शॉ कॅसेटी या एका वाक्यात बाद होतात. दुसरा ढीग गोल्डन हार्वेस्ट या स्टुडिओचा, ब्रूस ली आणि पुढे जॅकी चॅन यांचं घर. त्यातला मोठा भाग आज फॉर्च्युन स्टारकडे आहे, तेव्हा त्या नावाची ओळ शोधायची. या दोन ढिगांतली फिल्म असेल तर काम सोपं. ब्रिटनच्या ॲरो कंपनीने शॉच्या फिल्मांचे 'शॉस्कोप' नावाचे खोके काढले, २०२१ चा पहिला बारा फिल्मांचा, पुढच्या वर्षीचा दुसरा चौदांचा. युरेका आणि ८८ फिल्म्स याही तिथल्याच, आणि अमेरिकेत क्रायटेरियन, शाउट वगैरे.

तिसऱ्या ढिगात रात्री जातात माझ्या. तैवान आणि हाँगकाँगच्या छोट्या निर्मात्यांच्या फिल्मा. एका वर्षात पाच फिल्मा काढून कंपनी बंद, निगेटिव्ह कुठल्या लॅबमध्ये पडली कोणाला माहीत नाही, निर्यात करणाऱ्या एजंटाने एकाच देशाचे हक्क दोघांना विकलेले. अमेरिकेत तर बराच काळ अशा फिल्मा बेवारस समजून पन्नास-पन्नासच्या स्वस्त पॅकमध्ये विकल्या गेल्या. वास्तविक तिथल्या कायद्याने १ जानेवारी १९९६ पासून बऱ्याच परदेशी फिल्मांचे गमावलेले हक्क परत दिले, पण पॅक चालूच राहिले. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांचा, तेव्हा '७६ ची फिल्म जुनी झाली, आता कोणीही छापावी' हे जेल रोडचं तत्त्वज्ञान ऐकून घेऊ नका. मोठ्या दुकानात चकचकीत खोक्यात मिळाली म्हणून डिस्क अस्सल ठरत नाही, हे या ढिगाने मला शिकवलं.

तुमची फिल्म याच तिसऱ्या ढिगातली, पण तुमचं नशीब बरं. जोसेफ कुओंच्या आठ फिल्मांचा 'सिनेमॅटिक व्हेंजन्स' नावाचा ब्लू-रे खोका युरेकाने काढला आहे आणि त्यात ब्राँझमेनच्या दोन्ही फिल्मा आहेत. माझ्या मते तुम्हाला हवी ती वस्तू हीच. ऑनलाइन जी साडेतीन हजारांना दिसते ती हा खोका आहे का, ते बघा. चित्रावर युरेकाचं नाव, आठ फिल्मांची यादी आणि ब्रिटिश सेन्सॉरचं वयाचं चिन्ह हवं. विक्रेत्याने फक्त पोस्टरचं चित्र लावलं असेल, तर डिस्कच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा. खरा विक्रेता दहा मिनिटांत पाठवतो. नकलीवाला 'सर, सील तुटेल' म्हणतो.

सीलवरून आठवलं. २०११ मध्ये मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून शॉच्या दहा फिल्मांचा 'हाँगकाँग इंपोर्ट' संच घेतला होता, बेचाळीसशे रुपयांना. प्लास्टिक कडक, वर होलोग्रामचं स्टिकर, बायकोलाही कौतुकाने दाखवला. रात्री ट्यूबलाइटखाली पहिली डिस्क काढली तर वरची छपाई किंचित खरखरीत, अंगठ्याला निळी शाई. उलटी केली तर खालची बाजू चांदीसारखी नाही, जांभळट, आणि तिरकी धरल्यावर मधल्या भोकापासून तीन बोटांवर एक गोल रेघ: तिथपर्यंत एक छटा, पुढे दुसरी. म्हणजे घरच्या बर्नरवर जाळलेली (कॉम्प्युटरवर कोऱ्या डिस्कवर उतरवलेली) डिस्क, जिथे फिल्म संपली तिथे रंग बदललेला. लावली तर उजव्या कोपऱ्यात धुरकट चौकोन. टीव्ही वाहिनीचा लोगो पुसायचा प्रयत्न केलेला. दहाही तशाच. पैसे गेले ते गेलेच.

तेव्हापासून मी भिंग ठेवतो. डिस्क उलटी करून मधल्या पारदर्शक कड्याजवळ बघा. कारखान्यात दाबलेल्या डिस्कवर तिथे बारीक अक्षरात 'आयएफपीआय' (IFPI, ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या जागतिक संघटनेची आद्याक्षरं) आणि पुढे काही अक्षरं-आकडे असतात. सहसा अशी दोन असतात, एक मास्टर बनवणाऱ्या यंत्राचं, त्यात पुढे 'एल' येतो, दुसरं साच्याचं. ही पद्धत १९९४ ची आणि डीव्हीडी बाजारात आली १९९६ च्या अखेरीस, त्यामुळे डीव्हीडीवर हे कोड असणं अपेक्षितच. कोडच्या जागी खरवडल्याची खूण दिसली तर डिस्क तिथेच खाली ठेवा, कारखाना लपवायला तो खरवडलेला असतो. मात्र याला शेवटचा निकाल समजू नका. जांभळी डिस्क म्हणजे नकलीच असंही नाही. अमेरिकेत वॉर्नरने २००९ पासून मागणीप्रमाणे जाळून दिलेल्या अधिकृत डिस्का विकल्या आहेत. उलट चांदीसारखी दाबलेली नकलीही मी पाहिली आहे. म्हणून म्हणतो, मालक आधी. कडं हा नंतरचा पुरावा.

फिल्म चालू झाल्यावर आणखी एक गोष्ट लगेच कळते. या फिल्मा रुंद पडद्याच्या. सुरुवातीच्या नामावलीत नावं दोन्ही बाजूंनी कापलेली दिसली, किंवा मारणारा दिसतो पण मार खाणारा चौकटीबाहेर, तर ती जुन्या व्हीएचएसवरून उतरवलेली आहे. मालकाकडून आलेली प्रत सहसा अशी नसते. कालावधी कमी दिसला म्हणून मात्र घाबरू नका. युरोपच्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला चोविसाऐवजी पंचवीस फ्रेम फिरतात, शंभर मिनिटांची फिल्म शहाण्णव मिनिटांत संपते, एकही दृश्य न कापता. हे डीव्हीडीचं. ब्लू-रेवर सहसा चोवीसच असतात. ब्रिटिश आवृत्तीत काही सेकंद खरोखर कापलेले असू शकतात, कारण घोडा पाडल्याची दृश्यं तिथे १९३७ च्या प्राण्यांविषयीच्या कायद्याने अडतात. पूर्वी तर तिथला सेन्सॉर नानचाकू (साखळीने जोडलेले दोन दांडके) दिसला की कात्री लावायचा.

आता तुमच्या जेल रोडच्या अडीचशेवाल्या डिस्कबद्दल. भारतात अधिकृतपणे काढलेल्या डिस्कसाठी आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ ने तीन गोष्टी बंधनकारक केल्या आहेत: सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत, डिस्क काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि 'हक्कदाराकडून परवानगी घेतली आहे' हे निवेदन, आणि हक्कदाराचं नाव-पत्ता. कव्हरवरही आणि पडद्यावरही. दुकानात उभं राहून कव्हर उलटा. पत्ता नसेल, किंवा 'मार्केटेड बाय' पुढे नुसता मोबाइल नंबर असेल, तर चहा पिऊन घरी या. दुकानदाराशी भांडू नका, बहुतेकांना स्वतःलाच माहीत नसतं. मलाही नव्हतं.

भारतीय आवृत्त्या एकेकाळी छान आणि स्वस्त निघत. मोझर बेअरने २००७ मध्ये व्हीसीडी अठ्ठावीसला आणि डीव्हीडी चौतीसला आणली तेव्हा माझा धंदा तिनेच निम्मा केला. भाड्यापेक्षा विकत स्वस्त! आज तो माल अटालेवाल्याकडे किलोवर सापडतो (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: अटाला म्हणजे भंगार). बंद पडलेल्या लायब्ररीचा साठा तिथे येतो असं कानावर आलं की मी सकाळी सातला हजर असतो. मात्र कुओंची फिल्म अशी मिळेल या आशेवर पंचाहत्तरी लांबवू नका.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त पैसे घालवले ते. डिस्क अस्सल आणली आणि प्लेअरने घेतलीच नाही, असं होऊ शकतं. ब्लू-रेच्या जगात तीन विभाग, आणि प्लेअर सहसा आपल्याच विभागाची डिस्क चालवतो: अमेरिका, जपान, तैवान, हाँगकाँग 'ए' मध्ये, ब्रिटनसह युरोप 'बी' मध्ये, आणि आपण चीन-रशियाबरोबर 'सी' मध्ये. युरेकाचा खोका 'बी'. इथे विकत घेतलेला साधा प्लेअर तो नाकारेल. डीव्हीडीचे आकडे वेगळे: अमेरिका १, ब्रिटन-जपान २, हाँगकाँग ३, भारत ५. म्हणून आधी मल्टी-रिजन, म्हणजे सगळ्या विभागांच्या डिस्का चालवणारा प्लेअर, मग डिस्क. डीव्हीडीपुरतं बरेच प्लेअर रिमोटवरच्या कोडने उघडतात, ब्लू-रेसाठी मात्र मुळात तसा बनवलेला किंवा बदललेला प्लेअर लागतो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका, डीव्हीडीचा विभाग त्यावर पाचदाच बदलता येतो, पाचव्या वेळी जो असेल तो कायमचा. ४के डिस्कला विभागाचं बंधन नसतं, पण तिच्याच खोक्यातल्या ब्लू-रेला असू शकतं.

परदेशातून मागवणं कायदेशीर आहे का, हेही तुम्ही विचारलं होतं. घरगुती वापरासाठी एक प्रत आणायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ मध्ये मुभा आहे. पण कस्टम ड्युटी आणि वर जीएसटी लागतो, दर बदलत राहतात, म्हणून किमतीत तो धरूनच चाला. परदेशातल्या पाहुण्याला 'गिफ्ट म्हणून पाठव' सांगायची जुनी युक्ती २०१९ च्या डिसेंबरात संपली. टपालाने गिफ्ट म्हणून जीव वाचवणारी औषधं आणि राखी सोडून काही सुटत नाही. कोणी येणारच असेल तर त्याच्या बॅगेतून आणणं सगळ्यात सोपं, डिस्क वाकत नाही आणि डबा फुटत नाही. मी माझा पहिला शॉस्कोप भाच्याच्या बॅगेत, त्याच्या लोकरी टोप्यांत गुंडाळून आणवला.

एक अपेक्षा आधीच सांभाळा. वडिलांनी ती फिल्म बहुधा इंग्रजी डबिंगमध्ये पाहिली असणार. अशा खोक्यांत मूळ मँडरीन आणि खाली इंग्रजी उपशीर्षकं असतात, काही फिल्मांना जुनं इंग्रजी डबिंगही. हिंदी नसतं. अडीचशेच्या डिस्कवर 'हिंदी' लिहिलं असेल तर तोही एक इशाराच समजा. वडिलांना उपशीर्षकं वाचणं जड जात असेल तर आधी जुना इंग्रजी आवाज लावून बघा. तो 'यू किल्ड माय टीचर' ऐकला की त्यांच्या चेहऱ्यावरच कळेल फिल्म हीच की नाही.

युरेकाचा हा खोका बाजारातून संपला असेल तर दोन वाटा. वापरलेला खोका परदेशी संग्राहकांकडून घ्या, डिस्कचे फोटो मागूनच. नाहीतर थांबा. अशा कंपन्या खोका संपल्यावर कधीकधी साधी आवृत्ती काढतात, पण काढतीलच याची हमी मी देणार नाही.

तर वडिलांना नायकाचं विचारा आणि इथे कळवा. सूडवाला निघाला किंवा राजपुत्र निघाला, खोका तोच. लाकडी पुतळे निघाले तर मात्र ८८ फिल्म्सपासून परत शोधायला लागेल.